तिकीट सोडवणे

वापरलेले टपाल तिकीट पाकिटाच्या कागदापासून न फाडता अलग करण्याची रीत. संग्राहक तिला ‘तिकिटे भिजवणे’ असेही म्हणतात. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘पेनी ब्लॅक’ या पहिल्या टपाल तिकिटापासून तिकिटाच्या पाठीला डिंक आला. हा डिंक पाण्याने नरम होतो, एवढ्या एका गुणावर सगळी रीत उभी आहे.

तिकिटाभोवती बोटभर कागद राखून पाकीट कापतात. तिकिटाच्या दातेरी कडेला कात्री लागली की तिकीट संग्रहातून बाद. तुकडे कोमट पाण्यात टाकले की साधारण १५-२० मिनिटांत तिकीट घसरू लागते. घसरत नसेल तर थांबावे. ओढल्यास पाठीचा पापुद्रा निघतो आणि उजेडासमोर धरताच ती विरळ जागा दिसते. सोलायचा तो कागद, तिकीट नव्हे. पाठीचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत तिकीट स्वच्छ पाण्यात धुवून, चपट्या चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथे ठेवतात आणि जरा सुकल्यावर जाड पुस्तकाखाली दाबतात. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. लाल-जांभळ्या पाकिटांचे तुकडे निराळ्या वाटीत घालावेत. एका पाकिटाने सगळ्यांची रंगपंचमी होते. फेव्हिकॉलने डकवलेले तिकीट फार वेळ घेते. नव्या स्टिकर-तिकिटांपैकी बरीचशी नुसत्या पाण्याला दाद देत नाहीत. ती कागदासकट कापून ठेवणेच बरे.

काही तिकिटांना पाणी दाखवूच नये. जम्मू-काश्मीर संस्थानची सुरुवातीची तिकिटे जलरंगात छापलेली असल्याने त्यांचा रंग धुऊन जातो. १८५२ चे सिंधमधले लाल ‘सिंद डाक’ तिकीट लाखेच्या चकतीवर उठवलेले, मुळातच ठिसूळ. चंदनाच्या वासाचे २००६ चे आणि खादीच्या कापडावरचे गांधीजींचे २०११ चे तिकीटही कोरडेच राखावे. जुने पाकीट स्पष्ट शिक्क्यासह हाती आले तर कात्री खाली ठेवावी. तारीख, गाव आणि टपालाचा मार्ग सांगणारे अखंड पाकीट बहुधा सुट्या तिकिटापेक्षा मोलाचे असते. नवशिके नेमके तेच आधी भिजवतात.

मुंबईत उलटाच त्रास अधिक. जीपीओतल्या (मुख्य टपाल कचेरीतल्या) फिलाटेली ब्युरोतून, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकीट-विभागातून आणलेली कोरी तिकिटे पावसाळ्यातल्या दमट हवेत एकमेकांना किंवा अल्बमच्या पानाला चिकटतात. ती पाण्यात घातली तर मूळ डिंकच जातो, आणि कोऱ्या तिकिटाची किंमत त्या डिंकावरही ठरते. त्यासाठी झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर तिकिटे ठेवतात. डब्यातल्या ओलाव्याने डिंक सैल झाला की चिमट्याने अलगद सोडवायची. मधूनमधून झाकण उघडून पाहावे लागते, कारण फार वेळ राहिल्यास डिंक ओघळतो, बुरशीचे तांबूस डाग पडतात. नीट जमले तरी डिंकाची चकाकी थोडीफार उतरतेच. म्हणून इथले जुने संग्राहक जून लागण्याआधीच अल्बम आडवे न रचता उभे करतात आणि कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतात.