वरून खाली कार्डिगन: नावं लढाईची, रीत विणणाऱ्यांची

वरून खाली विणल्या जाणाऱ्या कार्डिगनची, म्हणजे पुढून उघड्या, बटणांच्या स्वेटरची, सुरुवात अगदी लहान असते. जाड लोकर, गळ्यापुरते साठ टाके आणि त्यांत अडकवलेले चार मार्कर, म्हणजे खुणेच्या छोट्या कड्या. पुढचे दोन भाग दहा-दहा टाक्यांचे, बाह्या दहा-दहाच्या, पाठ वीसची. एकाआड एक ओळीत प्रत्येक मार्करच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक टाका वाढवायचा, म्हणजे त्या ओळीत आठ टाके वाढतात. वाढीच्या पंचवीस ओळी झाल्या की सुईवर २६० टाके येतात. त्यातले बाह्यांचे साठ-साठ टाके वेगळ्या धाग्यावर काढून ठेवायचे, दोन्ही काखांत पाच-पाच टाके नवे घालायचे आणि उरलेल्या दीडशे टाक्यांवर अंग विणत खाली जायचं. शिवण कुठेच येत नाही. काखेपर्यंत पोचलं की अंगावर घालून बघता येतं. खांद्यावर ओढ बसत असेल तर तिथल्या तिथे उसवून दुरुस्त करता येतं, सगळं पुरं होईपर्यंत थांबावं लागत नाही.

ज्यांनी आधी सुटे भाग विणून शेवटी शिवलेत, त्यांना यातलं सुख लगेच कळेल. चार महिने विणलेली पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या जोडल्यावर शेवटच्या दिवशी कळावं की बाही काखेत अडकतेय, याच्याइतकं मन खट्टू करणारं विणकामात दुसरं काही नाही. वरून खाली विणण्याची रीत हे दुःखच टाळते. आज ही रीत इतकी रुळली आहे की ती पूर्वापार असेल असं वाटतं. तिचा इतिहास मात्र वाकड्या वाटेचा आहे, आणि त्यात कपड्याच्या नावाची गोष्ट एक, कपड्याच्या रीतीची गोष्ट दुसरी.

नावाची गोष्ट थेट क्रिमियाच्या युद्धात जाते. जेम्स ब्रुडनेल, कार्डिगनचे सातवे अर्ल (अर्ल ही ब्रिटिश सरदारांची पदवी), यांनी २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावाच्या लढाईत ब्रिटिश घोडदळाची एक तुकडी रशियन तोफांच्या तोंडी नेली. सुमारे ६७० स्वार होते. हल्ला फसला, पण देशात त्याचे पोवाडे झाले, अर्ल घरी परतले ते वीर म्हणून, आणि लोकरीचं पुढून उघडं, बटणांचं जाकीट त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्या मोहिमेचे सरसेनापती लॉर्ड रॅगलन. १८१५ साली वॉटर्लूला त्यांचा उजवा हात गेला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जाणारी बाही त्यांच्या नावावर लागली. सुरुवातीला जे चार मार्कर सांगितले ते याच चार तिरक्या रेषांचे. डोकं-मान झाकणारी लोकरीची टोपीही बालाक्लावा याच नावानं ओळखली जाते. एका युद्धानं उबदार कपड्यांना अशी तीन नावं दिली.

त्या हिवाळ्यात प्रत्यक्षात काय झालं, हेही या नावांबरोबर लक्षात ठेवायला हवं. १४ नोव्हेंबर १८५४च्या वादळात बालाक्लावाच्या बंदराबाहेर ‘प्रिन्स’ नावाचं जहाज बुडालं आणि त्याच्याबरोबर सैन्याचे हिवाळी कपडे समुद्रात गेले. शिपाई तंबूंत कुडकुडत होते. अर्ल कार्डिगन त्या काळात बंदरातल्या स्वतःच्या खासगी नौकेवर राहत होते आणि डिसेंबरातच मायदेशी निघाले. कार्डिगन हा शब्द उच्चारताना मला तंबूंतली ती माणसं आठवतात. उबेची गरज त्यांची होती.

रीत कुठून आली हे बघायचं तर बरंच मागे जावं लागतं. दोन सुयांवर किंवा चार-पाच सुयांवर गोल विणलेल्या कापडाचे जुने नमुने इजिप्तमध्ये सापडले. पांढऱ्या आणि निळ्या सुताचे, नक्षीचे मोजे, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. ते बोटांकडून सुरू करून वर नेलेले आहेत. म्हणजे कापडाला वाटेतच आकार द्यायचा, कापायचं नाही आणि शिवायचं नाही, हे या कलेला पहिल्यापासून ठाऊक होतं. मागावरचं कापड सरळ येतं, त्याला अंगाचा आकार द्यायला कात्री लागते. सुयांवरच्या कापडाला टाके वाढवले की पसरतं, घटवले की आवळतं. मराठीत दोन्हीला आपण ‘विणणं’च म्हणतो, म्हणून हा फरक चटकन डोळ्यांपुढे येत नाही.

हाच घोटाळा एका फार सुंदर चित्रात भेटतो. १४००च्या आसपास जर्मनीत मास्टर बर्ट्राम या चित्रकारानं बुक्स्टेहुडच्या वेदीसाठी रंगवलेलं हे चित्र आता हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. मरिया बसून लहानसा अंगरखा विणते आहे. जवळ बाळ येशू आहे, आणि क्रूस, भाला घेऊन देवदूत आले आहेत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या अंगरख्याला शिवण नव्हती, तो वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता, असं म्हटलं आहे. तिथे अर्थातच मागावरचं विणणं अभिप्रेत आहे. चित्रकारानं मरियेच्या हातात चार सुया दिल्या. नीट बघितलं तर अंग झालेलं आहे, बाह्या झालेल्या आहेत आणि सुया गळ्याभोवती आहेत. ग्रंथात वरून खाली, चित्रात गळा शेवटी. त्या चित्रकारानं कुणाला तरी असं विणताना जवळून पाहिलं असणार, हे त्या सुयांच्या मांडणीवरून मला मनापासून पटतं.

पुढची काही शतकं अंगातले लोकरी कपडे समुद्राकाठच्या आणि थंड प्रदेशांतल्या घरांत विणले जात होते. ब्रिटनच्या किनाऱ्यांवरचे कोळी जो घट्ट विणीचा स्वेटर घालत, त्याला गॅन्सी म्हणतात. अंग खालून वर गोल विणायचं, पण बाहीचे टाके खांद्याशी उचलून मनगटाकडे उतरायचं. कारण साधं आहे. विणलेलं कापड शेवटच्या टोकाकडून सरळ उसवतं, सुरुवातीच्या टोकाकडून नाही. दोर आणि जाळी ओढून मनगट आधी झिजतं. बाही तिथे संपत असेल तर झिजलेला भाग उसवून नव्या लोकरीनं पुन्हा विणता येतो. वरून खालीची अर्धी युक्ती या कोळ्यांच्या बाहीत आधीपासून होती, आणि तीही झीज बघून सुचलेली.

पुढून उघड्या कपड्याचा प्रश्न नॉर्वेत वेगळ्या तऱ्हेनं सुटला. तिथलं ल्युसेकोफ्टे, म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं जाकीट, गोल नळीसारखं विणतात, पुढे मधोमध शिवण घालून पक्कं करतात आणि मग चक्क कात्रीनं उभं कापतात. दोन रंगांची नक्षी सुलट बाजूनंच विणता यावी म्हणून हे धाडस. कॅनडात व्हँकुव्हर बेटावरच्या कोस्ट सेलिश स्त्रिया आधी डोंगरी बकऱ्यांची आणि खास पाळलेल्या कुत्र्यांची लोकर मागावर विणत. युरोपीय वस्तीबरोबर मेंढ्या आणि सुया आल्या, आणि एकोणिसाव्या शतकात जाडजूड हातकताईच्या लोकरीची कोविचन जाकिटं तयार झाली. उबदार कार्डिगन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ती जाड लोकर आणि गळ्यावर दुमडलेली रुंद कॉलर येते.

हे सगळं चालू असताना सुटे भाग विणून शिवायची पद्धत इतकी पक्की कशी झाली? माझ्या मते याचं मोठं कारण छापील नमुने. १८३० आणि १८४०च्या दशकांत ब्रिटनमध्ये विणकामाची पुस्तकं निघू लागली, पुढे मासिकं आणि लोकर गिरण्यांची पत्रकं आली. अंगाबेताच्या फॅशनच्या कपड्यांची कल्पना शिंप्याच्या टेबलावरची होती: पाठ, पुढा, बाही, खांद्याची शिवण, काखेचा खोलगट कट. विणकाम त्या साच्यात बसवलं गेलं. दोन सरळ सुयांवर लहान भाग सोयीचेही होते, आणि ‘अमुक इंच होईपर्यंत विणा’ अशा सूचना छापायला सोप्या. १९२०च्या दशकात स्त्रियांच्या पेहरावात कार्डिगन रुळलं, कोको शनेलसारख्यांनी मऊ विणलेल्या कापडाला फॅशनमध्ये मान मिळवून दिला, तेव्हाही घरी विणणारीच्या हातात पत्रक असे ते सुट्या भागांचंच.

महायुद्धानं पुन्हा लोकरीची किंमत शिकवली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं आणि विणायच्या लोकरीलाही कुपनं लागू लागली. जुने स्वेटर उसवून, लड करून, धुऊन, वजन टांगून वाळवून पुन्हा विणले जात. उसवायला बसलं की कपडा कसा बांधला आहे हे बोटांना कळतं. शिवणी सोडवताना धागा तुटतो, अखंड विणलेलं सरसर सुटत येतं.

आणखी एका साध्या वस्तूनं वाट मोकळी केली: गोल सुई, म्हणजे दोन टोकं आणि मधे लवचीक तार. सुरुवातीच्या गोल सुयांच्या ताठ तारेत आणि जोडात लोकर अडकायची. नायलॉनची मऊ तार आल्यावर काम बदललं. २६० टाक्यांचं जाड लोकरीचं ओझं सरळ सुयांवर मनगटांना पेलवत नाही. गोल सुईवर ते मांडीवर विसावतं आणि हातांना फक्त पुढचा टाका सांभाळायचा असतो.

मग दोन स्त्रियांनी या सगळ्याला शब्द दिले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१ साली ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक काढलं. छापील आकडे बाजूला ठेवा, स्वतःच्या विणीत एका इंचाला किती टाके बसतात ते मोजा आणि छातीच्या मापावरून गळा-बाहीचं प्रमाण काढा, असं त्यांचं सांगणं. त्या बहुधा खालून वर, गोल विणत आणि कार्डिगनसाठी कात्री चालवत. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, बार्बरा वॉकर यांचं ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ आलं. गळ्यापासून सुरू करायचं, वेळोवेळी अंगावर घालून बघायचं, लांबी घालणाऱ्यानं ठरवायची, हे त्यांनी स्वेटर, स्कर्ट, पँट, टोपी अशा सगळ्यांसाठी मांडलं. खांदा नीट बसवलेली बाहीसुद्धा शिवणीशिवाय कशी करायची हे त्यात आहे. मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं, कारण ते नमुना देत नाही, विचार देतं. माप पत्रकात नसतं, ज्याच्यासाठी विणतोय त्या माणसाच्या अंगावर असतं.

शिंप्याची बाजूही खोटी नव्हती, हे जाड लोकरीचं कार्डिगन विणताना कळतं. खांद्याची आणि मानेमागची शिवण कपड्याचं वजन पेलते. बिनशिवणीचं रॅगलन हलक्या लोकरीत छान बसतं, पण भारी लोकरीत, खिशात हात घालून वावरलं की गळा रुंद होत जातो आणि सगळं अंग खाली ओघळतं. त्यावर उपाय आहे: गळ्याचे टाके सैल न घालता पक्के घालायचे, किंवा गळपट्टीसाठी ते मागाहून उचलून विणायचे, म्हणजे तिथे शिवणीसारखी घट्ट कड तयार होते. दुसरी अडचण मानेची. पुढचा आणि मागचा गळा एकाच उंचीवर राहिला तर कार्डिगन मानेवर चढतं आणि पुढून गळ्याशी टोचतं. म्हणून पाठीच्या बाजूला काही ओळी अर्ध्यातून वळवून विणायच्या, म्हणजे मागचा भाग दोन-तीन सेंटिमीटर उंच होतो. उबदार कार्डिगनला हे टाळू नये. मानेमागून शिरणारा वारा छातीवरच्या बटणांनी अडत नाही.

काखेच्या पुढे एक गोष्ट मी नेहमी करते. अंग पुरं करण्याआधी बाह्या विणून घेते. लोकर किती लागणार याचा अंदाज कितीही केला तरी हुकतो, आणि आखूड बाहीपेक्षा आखूड अंग बरं. बाह्या झाल्या की उरलेल्या गुंड्यांतून बटणपट्टीपुरता एक बाजूला ठेवायचा आणि बाकीचे संपत येतील तिथे खालची बॉर्डर सुरू करायची. त्यातूनही एखादा गुंडा उरला तर तो जपून ठेवावा. सात-आठ वर्षांनी मनगटं विरतील, तेव्हा बंद केलेले टाके सोडवून चार बोटं उसवायचं आणि त्याच लोकरीनं खाली विणायचं. धुऊन धुऊन अंगाचा रंग उतरलेला असतो, त्यामुळे मनगटाशी नव्या विणीचा थोडा गडद पट्टा दिसतो.