एलिझाबेथ लाइनची स्थानके

लंडन शहराला पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गावर दहा स्थानके नव्याने बांधली गेली : पॅडिंग्टन, बॉन्ड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट, व्हाइटचॅपल, कॅनरी वॉर्फ, कस्टम हाउस, वुलिच आणि ॲबी वुड. यांतली आठ जमिनीखाली आहेत. वास्तुरचना, प्रकाश, आवाज, पाट्या आणि माहिती दाखवणारे पडदे (स्क्रीन) यांचा एकत्रित विचार करून प्रवाशाला वाट दाखवण्याचा जो प्रयत्न येथे झाला, त्यामुळे भुयारी स्थानकांच्या अभ्यासात ही स्थानके महत्त्वाची मानली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाला ब्रिटनमधील वास्तुकलेचे मानाचे स्टर्लिंग पारितोषिक मिळाले. ते एखाद्या इमारतीला न मिळता अख्ख्या रेल्वेमार्गाला मिळाले, ही त्यातली लक्षणीय गोष्ट.

बांधकामाच्या काळात हा प्रकल्प ‘क्रॉसरेल’ नावाने ओळखला जाई. मध्य लंडनखालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांची एकूण लांबी ४२ किलोमीटर आहे. मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता, तो २४ मे २०२२ रोजी सुरू झाला. बॉन्ड स्ट्रीट स्थानक तेव्हाही अपुरेच होते. २४ ऑक्टोबर २०२२ पर्यंत गाड्या तेथे न थांबता पुढे जात. खर्च १८ अब्ज पौंडांच्या पुढे गेला. जगातली पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन याच टप्प्यात वाफेच्या इंजिनांवर धावू लागली होती. त्या मार्गाची दोन्ही टोके आज एलिझाबेथ लाइनवर आहेत, फक्त बरीच खोल.

खाली एक, वर अनेक

अशा मोठ्या प्रकल्पात प्रत्येक स्थानक वेगळ्या वास्तुविशारदाकडे जाते. तसे झाले की प्रत्येकाची फरशी वेगळी, दिवे वेगळे, पाट्यांची जागाही वेगळी होते. १९९९ मध्ये लंडनच्याच ज्युबिली लाइनचा विस्तार झाला, तेव्हा रोलंड पाओलेत्ती या प्रमुख वास्तुविशारदाने जाणूनबुजून प्रत्येक स्थानक निराळ्या हातात दिले होते. त्यातून वेस्टमिन्स्टर आणि जुने कॅनरी वॉर्फ यांसारख्या भव्य वास्तू उभ्या राहिल्या. एलिझाबेथ लाइनने मधला मार्ग काढला. तिकीट हॉल आणि रस्त्यावरचे प्रवेशद्वार ज्या त्या वास्तुविशारदाचे. पण फलाट, मधला हॉल, जोडवाटा आणि सरकत्या जिन्यांचे बोगदे सगळीकडे एकाच आराखड्याचे. हा सामाईक आराखडा ग्रिमशॉ या वास्तुसंस्थेने केला. वस्तूंची घडण मेनार्ड, प्रकाशयोजना इक्वेशन आणि अभियांत्रिकी ॲटकिन्स यांच्याकडे होती.

परिणाम असा की जमिनीवर स्थानक त्या मोहल्ल्याचे दिसते आणि खाली उतरले की रेल्वेचे होते. पॅडिंग्टनवर १२० मीटर लांब काचेच्या छतावर स्पेन्सर फिंच या कलावंताने ढग उमटवले आहेत आणि त्यातून दिवसाचा उजेड खोल हॉलपर्यंत पोचतो. फॅरिंग्डनला शेजारच्या हॅटन गार्डन या हिऱ्यांच्या बाजाराची आठवण म्हणून सरकत्या जिन्यांच्या बाजूच्या काचेवर भलेमोठे हिरे घरंगळताना दिसतात. लिव्हरपूल स्ट्रीटच्या तिकीट हॉलला उंची फार मिळाली नाही, म्हणून तेथे काँक्रीटच्या छताला तिरक्या पन्हळी घड्या दिल्या. बँकवाल्यांच्या बारीक रेघांच्या सुटावरून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. खरे तर त्या घड्यांमुळे छत मुळात आहे त्यापेक्षा उंच भासते, आणि हे कारण सुटापेक्षा जास्त पटते.

टॉटनहॅम कोर्ट रोडची युक्ती अधिक कामाची आहे. स्थानकाचे पूर्वेकडचे टोक उजळ आणि पांढरे आहे, तर सोहो भागात निघणारे पश्चिमेकडचे टोक काळसर, रात्रीच्या नाट्यगृहासारखे आहे. आपण कुठल्या टोकाला आलो हे कळायला येथे पाटी वाचावी लागत नाही.

भिंत, कोपरा आणि दिवा

भुयारात माणूस दोन गोष्टींना बिचकतो : वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही आणि घोषणा घुमून शब्द कळत नाहीत. लंडनच्या जुन्या भुयारी रेल्वेत, म्हणजे ट्यूबमध्ये, या दोन्हींचा अनुभव आजही घेता येतो. तेथल्या वाटा अरुंद आहेत, काटकोनात वळतात आणि भिंतींना चकचकीत टाइल्स आहेत.

एलिझाबेथ लाइनच्या स्थानकांचे बोगदे फवारलेल्या काँक्रीटच्या पद्धतीने खणले गेले. या पद्धतीत बोगद्याला गोलाई देता येते, त्यामुळे दोन वाटा जिथे मिळतात तिथले कोपरे गोल ठेवले. गोल कोपऱ्यावरून समोरची वाट लवकर दिसते, समोरून येणारी माणसे अंगावर धडकत नाहीत आणि अंधारी खाच उरत नाही. त्या गोलाईवर काचतंतू मिसळलेल्या काँक्रीटच्या फिकट रंगाच्या तक्तपोशीचे आवरण आहे. या तक्त्यांना बारीक छिद्रे आहेत. ती आवाज शोषून घेतात आणि त्यामुळे घोषणा स्पष्ट ऐकू येते. माहिती-रचनेची, म्हणजे माहिती लोकांपर्यंत कशी पोचवायची याची, चर्चा बहुधा अक्षरांपाशी सुरू होऊन अक्षरांपाशीच संपते. भिंतीला पाडलेली छिद्रे हादेखील त्याच रचनेचा भाग आहे, हे या स्थानकांत नीट समजते.

दिव्यांचेही तसेच. छताला लटकणारे दिवे जवळजवळ नाहीत. प्रकाश खालून छतावर टाकला जातो आणि तिथून परतून मंदपणे पसरतो. जिथे माणसाने चालत राहायचे, म्हणजे सरकत्या जिन्यांवर, तिथे तो थंड छटेचा आहे. फलाटावर, जिथे थांबायचे असते, तिथे तो उबदार होतो.

खांब, दरवाजे, पडदे

दोन फलाटांच्या मधोमध लांबलचक हॉल, आणि त्यातून दोन्ही बाजूंना फलाटांवर नेणाऱ्या जोडवाटा, अशी बहुतेक भुयारी स्थानकांची मांडणी आहे. या हॉलमध्ये ठरावीक अंतरावर उभे खांब आहेत. प्रत्येक खांबात पाटी, दिवा आणि ध्वनिक्षेपक एकत्र बसवलेले आहेत. एरवी या वस्तू छताला वेगवेगळ्या लोंबकळतात. वेगवेगळे ठेकेदार त्या वेगवेगळ्या वेळी लावतात आणि काही वर्षांत छत झाकून टाकतात. सगळे खांबात कोंबल्यामुळे भिंती आणि छत मोकळे राहिले. प्रवाशाची नजरही एकाच उंचीवर, एकाच जातीच्या वस्तूकडे जायला शिकते.

फलाटावर पूर्ण उंचीची काचेची भिंत आहे. गाडी नऊ डब्यांची, २०० मीटरहून थोडी लांब; प्रत्येक डब्याला एका बाजूला तीन दरवाजे. म्हणजे फलाटाच्या काचेत २७ दरवाजे. गाडी कुठे थांबणार, दार कुठे उघडणार हे आधीच ठरलेले असल्याने दरवाजाच्या वरच्या पट्टीतच पडदे बसवता आले. पुढची गाडी कुठली, किती मिनिटांत येणार, कुठे जाणार हे प्रवासी जिथे उभा आहे तिथेच दिसते. त्यासाठी फलाटभर इंडिकेटर शोधत हिंडावे लागत नाही. या मार्गावर ही सोय चैनीची नाही. पश्चिमेकडे जाणारी गाडी हीथ्रो विमानतळाला जाईल, रेडिंगच्या दिशेने जाईल किंवा पॅडिंग्टनलाच संपेल. पूर्वेकडे व्हाइटचॅपलनंतर मार्ग शेनफील्ड आणि ॲबी वुड असा दुभंगतो. सर्वाधिक वर्दळीच्या वेळी मध्य भागात तासाला २४ गाड्या धावतात. चुकीच्या गाडीत चढायला अडीच मिनिटे पुरतात.

पाट्यांची अक्षरे एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी घडवलेल्या वळणाच्या नव्या आवृत्तीतली आहेत. वर्तुळ आणि आडवी पट्टी हे जुने चिन्हही कायम आहे, फक्त वर्तुळ जांभळे झाले. हॅरी बेक या आरेखकाच्या १९३३ च्या नकाशावरून वाढत आलेल्या ट्यूबच्या नकाशात हा मार्ग पोकळ दुहेरी जांभळ्या रेघेने दाखवतात, कारण तो ट्यूबचा मार्ग गणला जात नाही. प्रवाशाला या वर्गीकरणाशी काही देणेघेणे नसते. तिकीट तेच, फाटक तेच. रेघ वेगळी का, हे नकाशा सांगत नाही.

एक फलाट, दोन स्थानके

या रचनेची खरी परीक्षा फलाटाच्या लांबीने घेतली. फलाट इतके लांब आहेत की त्यांची टोके वेगवेगळ्या जुन्या स्थानकांपाशी निघतात. लिव्हरपूल स्ट्रीटच्या एका टोकाने वर गेले की आपण मूरगेटला पोचतो. फॅरिंग्डनच्या दुसऱ्या टोकाला बार्बिकन आहे. बॉन्ड स्ट्रीटचे एक दार डेव्हिस स्ट्रीटवर, तर दुसरे हॅनोव्हर स्क्वेअरला. चुकीच्या टोकाला वर आलेला माणूस हरवत नाही. पण रस्त्यावरून बरेच चालतो, आणि लंडनचा पाऊस सोबतीला असतो.

येथे सुंदर वास्तू अपुरी पडते. दोन्ही टोके सारखीच दिसतात, कारण खालचा आराखडा मुद्दाम सारखा ठेवला आहे. सामाईकपणाची ही किंमत आहे, आणि टॉटनहॅम कोर्ट रोडचा काळा-पांढरा भेद सोडला तर तिची नीट भरपाई केलेली नाही. बाहेर पडायच्या दिशा रस्त्यांच्या नि जुन्या स्थानकांच्या नावांनी दिल्या आहेत. हाँगकाँगच्या मेट्रोत दारांना अक्षरे आहेत, दक्षिण कोरियातल्या सोल शहरात अंक आहेत. परक्या माणसाला ‘क्रमांक तीनच्या दारापाशी भेटू’ हे सांगायला आणि ऐकायला सोपे जाते. लंडनने नावांचा हट्ट धरला. ज्याला शहर ठाऊक आहे त्याच्यासाठी नाव चांगले, नवख्यासाठी अंक चांगला, आणि स्थानकाच्या पाट्या मुख्यतः नवख्यासाठीच असतात.

मुंबईच्या लोकल प्रवाशाला हा प्रश्न नवा नाही. दादरला कुठल्या पुलावर चढायचे त्यावरून तो डबा निवडतो. मात्र हे ज्ञान सरावाने येते, पाटीवरून नाही.

चढ-उताराची अडचण मात्र येथे बऱ्यापैकी सोडवली आहे. मार्गावरील सर्व ४१ स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येते. मधल्या भुयारी भागात गाडीची फरशी आणि फलाट एका पातळीत आहेत. फॅरिंग्डनला सरकत्या जिन्याच्या बाजूने तिरकी चालणारी लिफ्टही आहे. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतला प्रवासी आणि जिन्यावरचा प्रवासी एकाच बोगद्यातून, एकाच पाट्यांखालून जातात. एरवी लिफ्टची वाट निराळी असते आणि तिच्या पाट्याही कुठेतरी मध्येच संपतात.

पाटीवरच्या लिपी

व्हाइटचॅपल हे या दहांतले सर्वांत गुंतागुंतीचे स्थानक. १८७६ चे जुने प्रवेशद्वार जपून, रुळांवर पुलासारखा नवा हॉल टाकून ते उभे केले. तेथे ‘ओव्हरग्राउंड’ नावाची रेल्वे ‘अंडरग्राउंड’च्या, म्हणजे ट्यूबच्या, खालून जाते. परिसरात मोठ्या संख्येने बंगाली भाषक राहतात. मार्च २०२२ मध्ये स्थानकाच्या नावाच्या पाट्या इंग्रजीसोबत बंगालीतही लागल्या. याच मार्गावर पश्चिमेकडे असलेल्या साउथॉलच्या जुन्या स्थानकावर गुरुमुखी लिपीतली पाटी कित्येक वर्षांपासून आहे. बाहेर पडायच्या वाटा, गाड्यांची दिशा ही रोजची माहिती मात्र दोन्हीकडे इंग्रजीतच मिळते. स्वागत दोन भाषांत आणि वाटाड्या एका भाषेत, असा हा प्रकार आहे.

मुंबईच्या मेट्रो ३ ची, म्हणजे ‘ॲक्वा लाइन’ची, गोष्ट येथे जुळते. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर २७ पैकी २६ स्थानके भुयारी आहेत. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढचा आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. पूर्ण उंचीचे फलाटदरवाजे, लांब फलाट, एकमेकांपासून दूर निघणारी दारे या सगळ्या बाबतीत ती लंडनच्या या स्थानकांच्या जवळची आहे. फरक पाटीवर आहे. लंडनला जेथे एक ओळ पुरते, तेथे मुंबईत देवनागरी आणि रोमन अशा दोन लिपी मावाव्या लागतात. देवनागरीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते, म्हणून त्याच उंचीच्या पट्टीत अक्षर लहान होते आणि दुरून वाचायला अवघड जाते. जॉन्स्टनच्या अक्षरवळणाला शंभर वर्षे लंडनच्या फलाटांवरच घडायला मिळाली. भुयारी स्थानकाच्या दिव्यात, चालता चालता वाचायची देवनागरी घडवण्याचे काम त्या मानाने नुकतेच सुरू झाले आहे.