त्सुनामीचा धोका वेगळा, किनाऱ्याची असुरक्षितता वेगळी

गोदेला पूर आला की नाशिककरांची नजर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जाते. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी आलं, यावरून पूर जोखायची आपली जुनी सवय. पण मारुती सांगतो तो फक्त धोका. सराफ बाजारातल्या दुकानदाराने माल माळ्यावर चढवला का, काठच्या वाड्यात तळमजल्यावर कोणाची आजी अंथरुणाला खिळून आहे का, हे मारुतीवरून कळत नाही. ती असुरक्षितता.

बेटांच्या त्सुनामीचे संगणकावर काढलेले नकाशे बघताना हीच गल्लत होते. लाल पट्टा दिसला की तिथली माणसं गेलीच, असं आपण धरून चालतो.

धोका काढणं हे गणिताचं काम. भूकंपाने समुद्रतळ किती उचलला आणि तळ कुठे किती खोल आहे, हे संगणकातल्या प्रारूपाला, म्हणजे मॉडेलला, द्यायचं. मग लाट कशी धावेल ते संगणक काढतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने धावते. खोली दहा मीटरवर आली की वेग ३५च्या आसपास उतरतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उंच होते. बेटाला तर ती वळसाही घालते. १९९२ साली इंडोनेशियातल्या बाबी बेटावर लाट आली उत्तरेकडून, पण मोठा फटका बसला दक्षिण किनाऱ्याला. दोन्ही अंगांनी वळून आलेल्या लाटा तिथे एकमेकींना भिडल्या. आडोशाची बाजू सुरक्षित, हा नुसत्या नजरेचा अंदाज किती जीवघेणा ठरतो! म्हणून प्रारूप हवंच.

पण तेवढ्यावर थांबलेला अहवाल मला अर्धाच वाटतो. २००४च्या त्सुनामीत इंडोनेशियातलं सिमेलूए बेट भूकंपाच्या उगमाच्या अगदी जवळ होतं; लाट दहा मिनिटांच्या आत आली. वस्ती सुमारे ७८,०००, लाटेत गेले सात जण. १९०७च्या लाटेची आठवण तिथल्या म्हाताऱ्यांनी 'स्मोंग' या एका शब्दात जपली होती: जमीन जोरात हादरली, समुद्र मागे हटला, की टेकडीकडे पळा. श्रीलंकेला लाट पोचायला दोनएक तास लागले, आणि तिथे तीस हजारांहून जास्त माणसं गेली. सावध करणारं कोणी नव्हतं.

हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. आता लाट किती मिनिटांत येईल ते तिथून कळतं. आजीला घेऊन टेकडी गाठायला किती मिनिटं लागतील, हे मात्र त्या त्या गावात चालूनच मोजावं लागतं.