लिंबूवर्गीय फळांतील तैलनिर्मितीचे जनुकीय नियमन

संत्रे, मोसंबी, कागदी लिंबू, पपनस, महाळुंग इ. सिट्रस प्रजातीच्या फळांच्या सालीत बाष्पनशील तेल कोठे, केव्हा व किती तयार व्हावे हे ठरविणारी जनुकांची यंत्रणा. हे तेल सालीच्या बाहेरील रंगीत थरात विखुरलेल्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. पानांतही अशा ग्रंथी असतात. पान उजेडाकडे धरले असता त्या पारदर्शक ठिपक्यांसारख्या दिसतात. रूटेसी कुलाचे हे ठळक लक्षण असून बेल व कढीलिंब या कुलबांधवांतही ते आढळते.

ग्रंथीची उत्पत्ती : तैलग्रंथी म्हणजे पातळ भित्तीच्या स्रावी पेशींनी वेढलेली पोकळी. ही पोकळी कशी निर्माण होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वादाचा आहे. एका मतानुसार मधल्या पेशी विरघळून जागा मोकळी होते. दुसऱ्या मतानुसार पेशी जिवंत राहून फक्त एकमेकींपासून दूर सरतात. आधी सरणे व नंतर विरघळणे असे मानणारा तिसरा पक्षही आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत सिट्रस हे बहुधा पहिल्या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण म्हणून दिलेले असे. १९९८ मध्ये टर्नर, बेरी व गिफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी लेमनच्या (कागदी लिंबाहून वेगळ्या जातीचे लिंबू) ग्रंथींची फेरतपासणी करून या समजाला धक्का दिला. सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या दिसणाऱ्या पेशी मुळात फुटलेल्या नसून, छेद तयार करताना वापरलेल्या जलीय द्रावामुळे फुगून फाटतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याउलट चीनमधील संशोधकांना पपनसाच्या ग्रंथींत पेशींच्या नियोजित मृत्यूची चिन्हे आढळली आहेत. पोकळीची सुरुवात पेशी विलग होऊन होते, हे आता बहुतेकांना मान्य आहे. पुढच्या अवस्थेत पेशी मरतात की नाही, एवढ्यापुरताच मतभेद उरतो व तो जातिपरत्वे वेगळा सुटण्याची शक्यता नाकारता येत नाही. जुन्या छेदचित्रांवरून काढलेले निष्कर्ष मात्र सावधपणेच स्वीकारावे लागतात.

ग्रंथी घडविणारी जनुके : या वादात दीर्घकाळ केवळ सूक्ष्मदर्शकाचाच पुरावा होता. गोड संत्र्याच्या (सि. सायनेन्सिस; आपली मोसंबी याच जातीतील) जीनोमचा (संपूर्ण जनुकसंचाचा) आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर जनुकांचे स्थाननिर्धारण व जीनोम-संपादन (जनुकांत हेतुपुरस्सर नेमके बदल करणे) यांच्या साहाय्याने २०२४ मध्ये वुहान येथील हुआजोंग कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रंथीच्या जडणघडणीचा क्रम मांडला. डीआरएनएल या जनुकाचे प्रथिन एलएमआय१ या जनुकाच्या नियामक भागातील (जनुक केव्हा कार्यान्वित व्हावे हे ठरविणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यातील) एका विशिष्ट क्रमाला चिकटून त्याला चालना देते. एलएमआय१ पुढे एमवायसी५ या जनुकाला कार्यान्वित करते आणि त्यातून ग्रंथीची वाढ व तेलाचे संश्लेषण या दोन्ही गोष्टी पुढे सरकतात. एलएमआय१ हे इतर वनस्पतींत पानाच्या दंतुर कडेशी संबंधित म्हणून आधीपासून परिचित होते. पानाच्या आकाराचे जुने जनुक नियामक भागातील फरकामुळे एका नव्या स्रावी ऊतकाच्या कामी यावे, हा या शोधातील सर्वांत विलक्षण भाग होय. साठवणीची जागा आणि साठवायचा पदार्थ यांचे नियंत्रण एकाच साखळीत गुंफलेले असल्याने ग्रंथीचा व तेलाचा अभ्यास निरनिराळा करण्याची प्रथा आता अपुरी ठरते.

तेलाचे संश्लेषण : ग्रंथीभोवतीच्या पेशींतील रंगहीन लवकांत (पेशीतील सूक्ष्म कोशिकांत) प्रत्येकी पाच कार्बनांचे दोन घटक जोडून दहा कार्बनांचे जिरॅनिल डायफॉस्फेट तयार होते. त्यापासून कोणते टर्पीन (सुगंधी तेलांतील कार्बनी संयुगांचा एक वर्ग) घडणार हे टर्पीन सिंथेज गटातील एंझाइमांवर अवलंबून असते. लेमनमधून अशा चार एंझाइमांची जनुके २००२ मध्ये वेगळी करण्यात आली. त्यांपैकी दोन लिमोनीन, एक गॅमा-टर्पिनीन व एक बीटा-पायनीन बनविते. गोड संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीनचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते, तर लेमनमध्ये ते बरेच कमी असते. पण वासाचे वेगळेपण बहुधा अल्प प्रमाणातील घटकांमुळे येते, उदा., लेमनमध्ये सिट्रल. संत्र्यातील व्हॅलेन्सीन हे पंधरा कार्बनांचे टर्पीन लवकाबाहेर, पेशीद्रवात तयार होते. त्याचे जनुक फळ पिकू लागल्यावर कार्यक्षम होते व एथिलिन या फळ पिकविणाऱ्या वायुरूप संप्रेरकाला प्रतिसाद देते. या प्रतिसादामागे सिटएपी२.१० हा नियामक असल्याचे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. ई-जिरॅनिऑल या सुगंधी टर्पीनच्या बाबतीत अशीच भूमिका सिटईआरएफ७१ कडे आहे.

जैव कार्य : तेल हे झाडाचे संरक्षक द्रव्य मानले जाते, तथापि स्पेनमधील एका प्रयोगाने हे चित्र गुंतागुंतीचे केले. संत्र्याच्या झाडांत लिमोनीन सिंथेजचे जनुक उलट्या दिशेने घालून, म्हणजे मूळ जनुकाचे काम दडपून, लिमोनीन फारच कमी केल्यावर फळे हिरव्या बुरशीला (पेनिसिलियम डिजिटॅटम) आणि खैऱ्या रोगाच्या जंतूला अधिक प्रतिकार करू लागली, तसेच भूमध्यसागरी फळमाशीचे नर त्यांच्याकडे कमी आकर्षित झाले (२०११). म्हणजे काही शत्रूंना हा वास उलट वाट दाखवितो.

महाराष्ट्रातील फळे : नागपुरी संत्रे हे सि. रेटिक्युलॅटा या निराळ्या जातीचे असल्याने वरील निष्कर्ष त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बहुतेक मँडरिनांप्रमाणे त्याचे बी बहुभ्रूणी असते व त्यातील पुष्कळशी रोपे मातृवृक्षाचीच प्रतिरूपे निघतात. त्यामुळे संकरातून तेलाची जनुके शोधणे कष्टाचे व वेळखाऊ ठरते आणि जीनोमवाचन व संपादन यांनाच येथे अधिक महत्त्व येते.