रुमालाखालचा भाव आणि मेंदूतला आकडा

सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीचा खिलार जनावरांचा बाजार पाहिलेल्यांना हेड्यांची, म्हणजे जनावरांच्या दलालांची, जुनी रीत ठाऊक असेल. रुमालाखाली दोघांचे हात, तोंडातून चकार शब्द नाही. बोटं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची, की भाव समोरच्याला कळतो. शेजारी उभा असलेल्याला कळू नये, हा त्यातला व्यवहार. पण आकडा बोटांत इतक्या सहज उतरतो, याला मेंदूतही आधार आहे.

व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ गेर्स्टमान यांनी १९२४ साली एका रुग्ण बाईची नोंद केली. तिला स्वतःचीच बोटं ओळखता येत नव्हती. करंगळी दाखवा म्हटलं की ती गोंधळायची. हिशेबही जमेना. डाव्या कानाच्या वर, जरा मागे मेंदूला इजा झाली की बोटांची ओळख, डावं-उजवं, लिहिणं आणि आकडेमोड अशा चारही गोष्टी एकत्र बिघडू शकतात, हे पुढे स्पष्ट झालं. आज या लक्षणांना त्यांचंच नाव आहे.

नुसती मान वळवली तरी मनात येणाऱ्या आकड्यांत फरक पडतो. झुरिचमध्ये टोबियास लोचर आणि पीटर ब्रुगर या संशोधकांच्या गटाने लोकांना मनाला येतील ते आकडे बोलायला सांगितले आणि त्याच वेळी मान तालात डावी-उजवीकडे वळवायला लावली. मान डावीकडे असताना लहान आकडे जास्त आले. हा शोधनिबंध २००८ चा. नंतर बर्नमध्ये माणसाला खुर्चीत बसवून यंत्राने सरकवलं, तेव्हाही सरकण्याच्या दिशेचा आकड्यांवर असाच परिणाम दिसला.

असं का? आपण मनात आकडे फूटपट्टीसारखे मांडतो, लहान डावीकडे, मोठे उजवीकडे. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी १९९३ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. ही दिशा बरीचशी वाचनाच्या सवयीतून येते. अरबी लिपी आणि आकडे दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत ती उलटी आढळली.

एक सावधगिरी मात्र हवीच. नुसता आकडा पाहिला की लक्ष आपोआप त्याच्या बाजूला (लहान असेल तर डावीकडे, मोठा असेल तर उजवीकडे) वळतं, हा यातलाच एक गाजलेला निष्कर्ष २०२० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासला आणि तो टिकला नाही. दहान यांचा मूळ परिणाम मात्र पुन्हा पुन्हा मिळाला आहे.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग शाळेचा वाटतो. आपल्याकडे आजी अंगठा पेरांवर फिरवत एका हातावर बारापर्यंत मोजते, आणि नातवाने वर्गात तेच केलं की ओरडा बसतो. अमेरिकेत संशोधक नॅन्सी जॉर्डन यांनी बालवाडी ते दुसरीपर्यंत मुलांचा मागोवा घेतला. सुरुवातीला बोटं जास्त वापरणारी मुलंच जास्त अचूक होती. दुसरी संपताना हे उलटलं, कारण तोवर बऱ्याच मुलांना बोटांची गरज उरली नव्हती. म्हणजे पहिलीतल्या पोराची बोटं दप्तराखाली दडवायला लावू नयेत. तिसरीतही सात अधिक पाचला बोटंच लागत असतील, तर जवळ बसून ते नेमकं कुठं अडतंय ते बघावं.