फेडचं वळण येतं कुठून?

गोल्फचा क्लब चेंडूला भिडलेला असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. चेंडू कुठे निघणार आणि पुढे किती वळणार, हे तेवढ्यातच ठरून जातं.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेड, म्हणजे हलकं वळण घेणारा फटका, लक्ष्याच्या किंचित डावीकडे निघतो आणि शेवटी शेवटी हलकेच उजवीकडे येतो. (डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.) तो शिकवताना वर्षानुवर्षं एकच सांगितलं जायचं: पाय डावीकडे, फेस (क्लबचा चेंडूला भिडणारा पुढचा भाग) लक्ष्याकडे. मीही तसंच शिकलो आणि कितीतरी चेंडू उजवीकडच्या झाडीत घालवले. रडारने फटके मोजता येऊ लागले तेव्हा चूक उघड झाली. फेस जिकडे पाहतो, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो. वळण मिळतं ते फेस आणि स्विंगची वाट (चेंडूला भिडताना क्लब जिकडे जात असतो ती दिशा) यांच्यातल्या फरकातून.

म्हणून फेडसाठी फेससुद्धा लक्ष्याच्या डावीकडेच हवा, मात्र स्विंगच्या वाटेपेक्षा कमी. समजा वाट ४ अंश डावीकडे आहे आणि फेस २ अंश. २०० मीटरवर २ अंशांचे साधारण ७ मीटर होतात. तेवढं अंतर चेंडूने हवेत वळून भरून काढायचं.

ते कसं, हे मला या खेळातलं सगळ्यात देखणं विज्ञान वाटतं. एडिंबरोचे पदार्थवैज्ञानिक पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात चेंडूला फीत लावून तो मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजून फिरकी शोधली. चेंडू हवेत इतका वेळ तरंगतो तो बॅकस्पिनच्या, म्हणजे उलट्या फिरकीच्या, जोरावर, हे त्यांनी दाखवून दिलं. आपण बॅकस्पिन आणि साइडस्पिन असं वेगवेगळं बोलतो खरं, पण चेंडू फिरतो एकाच अक्षाभोवती. अक्ष आडवा असेल तर हवा चेंडूला नुसती वर उचलते. फेडमध्ये अक्ष उजवीकडे कलतो आणि तोच जोर चेंडूला थोडा उजवीकडेही ओढतो.

वेज या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, जास्त, त्यामुळे बॅकस्पिन भरपूर आणि अक्ष फारसा कलत नाही. म्हणून सरावाला सहा किंवा सात नंबरचं आयर्न (मध्यम लॉफ्टचा क्लब) बरं. चेंडूपुढे तीनेक मीटरवर, लक्ष्याच्या रेषेत एक काठी रोवा. चेंडू काठीच्या डावीकडून जाऊन मग परतला तर फेड जमला. उजवीकडूनच गेला, तर पायांना हात लावू नका. आधी फेस तपासा.