कुठल्या खोलीत काय अंथरायचं? खरेदीआधी दोन मिनिटं वाचा

दुकानात गालिचा उलगडला की आधी रंगाची चौकशी होते, मग भावाची. आमचं सांगणं असं, की त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवा: हा पावसाळ्यात वाळणार कुठे? बेळगाव-खानापूरच्या बाजूला झड लागली की दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीला खालून ओल येते. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण धूळ फार. त्यामुळे खानापूरच्या ग्राहकांना जी वस्तू आम्ही देतो, तीच अथणीच्या ग्राहकांना देऊ असं नाही.

हॉल किंवा सोपा
पाहुण्यांची नजर इथेच पडते, म्हणून पैसे इथे घालावेत. पण आकार चुकला तर भारी गालिचाही शोभत नाही. टीपॉयखाली ३ बाय ५ फुटांचा तुकडा टाकला की हॉल उलट लहान दिसतो. सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी गालिच्यावर यायला हवेत आणि त्याची लांबी सोफ्यापेक्षा थोडी जास्त हवी. तिघांचा सोफा साधारण ७ फुटी असतो, त्याला ५ बाय ८ बरा. घ्यायच्या आधी तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून बघा. दार आत उघडत असेल तर दाराच्या खाली किती फट आहे तीही मोजा, नाहीतर जाड गालिच्यात दार अडकतं आणि रोज त्याची कड उसवत जाते.

कशाचा घ्यावा? लोकरीचा गालिचा वर्षानुवर्षं टिकतो, पाय ठेवताच दबून परत उभा राहतो. नवा असताना काही महिने त्याचा बारीक केस निघतो, तो दोष नव्हे. पण लोकर हवेतली ओल धरते आणि बंद खोलीत तिला कसर लागते. ज्या घरात रोज वावर आहे, खिडक्या उघडतात, तिथेच लोकर घ्या. वर्षातले आठ महिने कुलूप असलेल्या घरासाठी कृत्रिम धाग्याचाच बरा. त्याला ओलीची भीती नाही, डाग लवकर निघतो. मात्र त्यावर उदबत्ती किंवा निखारा पडला तर धागा वितळून भोक पडतं. गौरी-गणपतीची आरास त्याच्यावर मांडू नका.

लोकरीच्या नावाखाली दुसरंच काही मिळालं का, अशी शंका आली तर कडेचा एक सुटा धागा काढून बशीत जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो. कृत्रिम धाग्याची मात्र वितळून कडक गाठ होते.

सणासुदीला माणसं खाली बसणार असतील तर आमच्या मते सुती जमखाना सगळ्यांत चांगला. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे जमखाने बायका हातमागावर विणतात. त्यांवरची मोराची आणि सोंगट्यांच्या पटाची नक्षी लांबूनही ओळखू येते, आणि त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. जमखाना दोन्ही बाजूंनी वापरता येतो, घडी घालून ठेवता येतो. घरी आणल्यावर पांढरं ओलं फडकं त्यावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो वेगळा, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

रंगाबद्दल एवढंच: खानापूरकडच्या लाल मातीच्या घरात तांबूस, विटकरी, चॉकलेटी रंगावर पावलं उठून दिसत नाहीत. काळ्या रानातून घरी येणाऱ्यांनी राखाडी किंवा मिश्र नक्षी घ्यावी.

झोपायची खोली
६ बाय साडेसहाच्या पलंगाखाली मोठा गालिचा घालण्यापेक्षा दोन्ही बाजूंना २ बाय ५ च्या पट्ट्या टाका. पलंगाखालचा गालिचा कोणाला दिसत नाही आणि झाडताही येत नाही. पौष-माघातल्या सकाळी पाय खाली टेकताना ऊब हवी असेल तर घोंगडी अंथरा. दख्खनी मेंढीच्या लोकरीला चिंचोक्याची खळ देऊन ती करतात, त्यामुळे पहिल्यांदा टोचते, पण वापरून मऊ होते.

जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर
टेबलाखाली काही घालूच नका, असं आम्ही विक्रेते असूनही सांगतो. आमटी सांडते आणि हळदीचा डाग सुतात मुरतो. घालायचंच असेल तर खुर्ची मागे ओढल्यावरही तिचे पाय वरच राहायला हवेत, म्हणजे टेबलाच्या चारही बाजूंनी २ फूट जास्त. ४ बाय अडीचच्या टेबलाला ८ बाय साडेसहा लागेल. पंगतीला सुती बसकर पट्ट्या उत्तम. सिंकपुढे पातळ, धुता येणारं सुती पायपुसणं ठेवा. ताग इथे नको: ओला झाला की डागाळतो आणि कुबट वास येतो.

देवघर, न्हाणी, उंबरा
देवघरात लोकरीचं आसन. न्हाणीच्या दाराशी दोन पायपुसणी आलटून पालटून वापरा. उंबऱ्याबाहेर काथ्याचं घ्या, चिखल तेवढाच बाहेर राहतो.

घरात म्हातारी माणसं असतील तर
गुळगुळीत टाइल्सवर सुटं पायपुसणं घसरतं. प्रत्येक गालिच्याखाली रबरी जाळी घाला, कडा वर येत असतील तर टेप लावा. यात काटकसर करू नका. जाळी आम्ही मापाप्रमाणे कापून देतो.

पावसाळा आणि साठवण
मृगाच्या आधी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, दांडीवर टाकून झोडपा. ठेवताना गालिच्याची घडी घालू नका, गुंडाळी करा. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वर सुती कापड. प्लास्टिकमध्ये बांधलं की आतल्या आत दमट होतं. गुंडाळी जमिनीला न टेकवता फळीवर ठेवा, आणि पावसाने उघडीप दिली की एकदा उलगडा.

दुकानात येताना खोलीची लांबी-रुंदी, दाराखालची फट आणि फरशीचा एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन या. नमुन्याचा तुकडा एका रात्रीसाठी घरी नेता येईल: दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली रंग वेगळा दिसतो. एकदा मापाने कापलेला माल मात्र परत घेता येत नाही.